आमच्या वाडीचा एक

५ नोव्हेंबर २०२५

स्नेहलने आज नवी वही आणून दिली. म्हणाली, "आई, तुम्ही रोज लिहिताच, तर थोडं माझ्या कामाचंही लिहा. तुम्हाला जसं कळेल तसं. आमच्यातली माणसं फार हुशार, पण त्यांचं लिहिलेलं त्यांचं त्यांनाच कळतं."

स्नेहल माझी सून. मुलगा ज्ञानेश्वर साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. हे आजारी पडले तेव्हा स्नेहल पुण्याची खोली सोडून वाडीवर आली, आणि हे गेल्याला दोन वर्षं झाली तरी तिने परत जायचं नाव काढलं नाही. माडीवर टेबल टाकून काम करते. तिचे उपकार कितीदा लिहिले तरी कमीच, म्हणून पहिल्या पानावरच लिहून ठेवते. हे म्हणजे माझे मालक, सहादेव. तोंडाने नाव घ्यायची सवय नाही, पण वहीत लिहायला हरकत नाही.

आता काम. मोबाईलवरची जाहिरात किती लोकांनी उघडून पाहिली ते जाहिरात देणाऱ्याला कळावं, पण कोणी पाहिली ते कोणालाच कळू नये, असे नियम ठरवायचे चालले आहेत. देशोदेशीची पस्तीसेक माणसं आहेत. मोबाईलवाले, जाहिरातवाले, कॉलेजात शिकवणारे. सगळ्यांना एका बैठकीला आणायचं, कोण काय म्हणालं ते लिहून ठेवायचं, रुसलेल्याची समजूत काढायची, हे स्नेहलकडे. मी म्हटलं, "म्हणजे लग्नघरातल्या थोरल्या जावेचं काम."

"अगदी तेच, आई. फक्त शेवटी कोणी जेवायला थांबत नाही."

मला हे काम पटलं त्याचं कारण आहे. यांना आठवड्यातून दोनदा दौंडला डायलिसिसला न्यावं लागायचं. मी फोनवर एकदा चाकांच्या खुर्चीची किंमत पाहिली होती. हे गेले, तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं, तरी खुर्ची माझ्या फोनवर येतच होती. प्रत्येक वेळी किंमत थोडी कमी करून.

७ नोव्हेंबर

काल स्नेहलने सांगितलं ते मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं. डेअरीत प्रत्येकीचं दूध आधी वेगळं मोजतात, वहीत नाव लिहितात आणि मग मोठ्या कॅनमध्ये ओततात. स्नेहलच्या लोकांना नाव न लिहिता सरळ कॅनमध्ये ओतायचं आहे आणि मग कॅन मोजायचा आहे. वर आणखी एक काळजी. फोन प्रत्येक आकड्याचे दोन तुकडे करतो आणि दोन वेगळ्या जागी पाठवतो. एकट्या तुकड्यावरून काहीच कळत नाही. शेवटी सगळ्यांची बेरीज झाली तरच आकडा दिसतो.

"आणि बेरजेत मुद्दाम थोडी वाढ-घट करायची," स्नेहल म्हणाली. "किती केली ते सांगायचं नाही. म्हणजे एखाद्याचा अंदाज बांधता येत नाही."

"म्हणजे दुधात पाणी!"

ती इतकी हसली की खाली ज्ञानेश्वर जागा झाला. त्याची रात्रपाळी झाली होती. हे असते तर म्हणाले असते, पुष्पा, तुला डेअरीवाल्याने ठेवून घेतलं पाहिजे. मी शाळेत गेले नाही. मुलाच्या पहिलीच्या पुस्तकावरून एकटीच वाचायला शिकले, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. यांना ते कळलं. पुढच्या शनिवारी काष्टीच्या बाजारातून बैलाची वेसण आणायला गेले आणि वेसणीबरोबर माझ्यासाठी एक कादंबरी घेऊन आले. अर्धी पानं सुटलेली होती. मी ती तशीच वाचली.

१२ नोव्हेंबर

हे सगळं खऱ्या फोनवर करून पाहायचं ठरलंय. नगरची एक संस्था आहे, आता अहिल्यानगर लिहायला हवं. ती विधवा, विधुर, सोडून दिलेल्या बायका यांच्यासाठी परिचय मेळावा भरवते. दुसरं लग्न करू पाहणाऱ्यांनी एकमेकांना भेटावं म्हणून. त्या मेळाव्याची जाहिरात आपल्या भागात दाखवायची आणि गावागावातून किती जणांनी उघडली ते नव्या पद्धतीने मोजायचं. जे होकार देतील त्यांच्याच फोनवर.

बचत गटाच्या बैठकीत स्नेहलने सगळ्यांना समजावून सांगितलं. माझ्यासकट चौदा जणींनी होकार दिला. सर्वांत आधी साळूबाईंनी. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, फोनवर फक्त कीर्तन ऐकतात.

"माझ्या फोनात काय बी टाक बाई," त्या म्हणाल्या. "फक्त म्हाराजाचा आवाज बंद व्हाया नको."

त्यांची नातसून मोनिका शेजारी बसली होती. तिनेही फोन पुढे केला. मोनिका एकोणतीस वर्षांची. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी टेम्पोच्या अपघातात गेला. शिलाई मशीन चालवते, मुलगी चौथीत आहे. सासरा बजरंग. तो यांचा चुलत भाऊ, म्हणून माझा दीर. मोनिका कमी बोलते, पण ब्लाऊजचं माप एकदा घेतलं की पुन्हा घ्यावं लागत नाही.

१७ नोव्हेंबर

स्नेहल सकाळपासून चिडलेली. तिच्या लोकांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, एखाद्या गावातून फारच थोड्या जणांनी जाहिरात उघडली तर त्या गावाचा आकडा दाखवायचाच नाही, जागा रिकामी ठेवायची. दुसरा तट म्हणतो, मग लहान गावातल्या लहान दुकानदाराला कायम रिकामी जागाच दिसणार. जाहिरातवाले तर म्हणताहेत, ही अट घातलीत तर आम्ही उठून जाऊ. मुद्दाम वाढ-घट करण्यालाही त्यांचा चाचणीपुरता विरोध आहे, लहान आकडे बिघडतात म्हणून.

तिने मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. मला विचारलं याचाच मला आनंद झाला. मी म्हटलं, "लहान गावाने काय पाप केलंय? मतदानाच्या यादीत आमचं नाव येतं, टँकरच्या यादीत येतं, मग इथेच रिकामं का? आमच्या वाडीचा आकडा दिसलाच पाहिजे."

तिने पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, चाचणीपुरती अट काढते, वाढ-घटही करत नाही, म्हणजे ते लोक उठून तरी जाणार नाहीत.

आपल्या बोलण्याचा कोणाला उपयोग झाला की बरं वाटतं. आज झोप छान लागेल.

२० नोव्हेंबर

आज यांची तिथी. पुरणाचा स्वयंपाक केला. दुपारी सगळे गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. मी फोन हातात घेतला तर तीच मेळाव्याची जाहिरात. नीट चालते का ते पाहावं म्हणून दाबली. लांबलचक पान उघडलं. तिथे काय काय लिहिलं होतं. वयाची अट नाही. मुलं असली तरी चालतील. एका बाकावर बसून दोघांनी चहा घेतला तरी पुरे, लग्न केलंच पाहिजे असं नाही, असंही एका बाईने आपला अनुभव म्हणून लिहिलं होतं. मी शेवटपर्यंत वाचलं. मग परत वर जाऊन त्या बाईचं पुन्हा वाचलं. चांगलं चालतंय.

संध्याकाळी गोठ्यात कडबा कमी पडला, तो आणला.

२८ नोव्हेंबर

अहवाल आला. स्नेहलने छापून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, बैठकीत वाचून दाखवा, साध्या बायकांना कळतंय का ते मला पाहायचंय. एक महिन्यापूर्वी मला कोणी सांगितलं असतं की असलं काही मी चारचौघींत वाचणार आहे, तर मी पदर तोंडाला लावला असता.

चष्मा पुसून उभी राहिले. श्रीगोंदा एकतीस. पारनेर चौदा. काष्टी नऊ. आणि शेवटी आमच्या वाडीचं नाव, छापील अक्षरात. मी ते जरा मोठ्याने वाचलं. एक.

टाळ्या वाजल्या. मग कोणीतरी मागून म्हणालं, "एक? आपल्यातली कोण गं?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. मोनिका उसवलेला काठ शिवत होती, तिने मान वर केली नाही.

२९ नोव्हेंबर

पिठाच्या गिरणीत हेच. "वाडीत नवरा नसलेल्या किती? साळूबाई न्हाई, पुष्पाताई न्हाई. ऱ्हायली कोण?" मी म्हटलं, कशावरून? तर गिरणीवाली म्हणाली, "ताई, हिशेब काय अवघड हाय का? तुमीच तर वाचलं."

मी पीठ घेतलं आणि आले. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला लिहू, मलाही वाटलं की मोनिकाच असेल. तरुण आहे. असली तर काय बिघडलं?

३० नोव्हेंबर

मोनिकाकडे गेले. म्हटलं चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात, की बाई, तुझा निर्णय तुझा, पण घरात आधी बोल. मशीन बंद होती. ती ओट्यावर गहू निवडत होती.

मी सुरुवात केली तशी ती म्हणाली, "काकी, मी ते उघडलंच नाही. माझा फोन पंधरा तारखेपासून आप्पांकडं, सासऱ्यांकडं आहे. चार्जर बिघडला म्हणून त्यांनी नेला, तो दिलाच नाही."

"मग सांग ना तसं सगळ्यांना."

"कोणाला सांगू? मी नाही म्हटलं की लोक म्हणतात, बघा कशी घाबरली."

तिचा आवाज चढला नाही. ओंजळीतले खडे तिने जोत्याखाली टाकले. आणि मग हळूच म्हणाली की आप्पांनी काल रात्री जेवताना सांगितलं, तुला जायचं असेल तर माहेरी जा. पोरगी इथंच राहील. ती आमची.

मी तिला काय सांगायला गेले होते ते विसरले.

१ डिसेंबर

बजरंगला भेटले. त्याला मी वाईट म्हणणार नाही. यांच्या आजारपणात दर आठवड्याला गाडी त्यानेच काढली, डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. ते माणूस विसरत नाही. त्याला एकच मुलगा होता. नातीत तो मुलाला बघतो.

"भावजी," मी म्हटलं, "तिने नाही केलं ते."

"मंग कुनी केलं वहिनी? फोन माझ्याकडं यायच्या आदीच उघडलं आसंल तिनं. वाडीत एक आकडा आला. तो काय आभाळातनं पडला?"

"मी तिला हाकलत न्हाई," तो म्हणाला. "तिला दुसरं घर करायचं तर करू द्या. पर माझी नात मी कुना परक्याच्या दारात पाठवनार न्हाई. म्होरल्या सोमवारी तिच्या भावाला बोलावलंय."

म्हणजे आठ तारीख. सात दिवस.

२ डिसेंबर

स्नेहलला सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली ती उठलीच नाही. म्हणाली, "हे माझ्यामुळे झालं, आई. अट मी काढली."

"तुला काढायला मी लावली."

"तुम्ही मत दिलं. निर्णय माझा होता."

मी विचारलं, तुझ्या त्या कॉम्प्युटरला विचार ना, तो एक कोण ते. तुला तरी कळत असेल. ती म्हणाली, नाही. मलाच काय, कोणालाच नाही. नाव कुठे लिहिलेलंच नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सगळं बरोबर चाललं, आई. नाव फुटलंच नाही. पण कॅनमध्ये एकीचंच दूध असलं तर कॅन मोजला काय आणि तिचं दूध मोजलं काय."

मग मी सहज म्हटलं, "यांच्या तिथीच्या दिवशी मी उघडून पाहिलं होतं, नीट चालतंय का ते. पण ते तपासणीचं, ते धरत नसतील."

स्नेहलने मान वर केली.

"आई, फोनला काय कळतं तपासणी आणि दुसरं?"

मी उघडलं, आणि वाडीचा आकडा एक. एवढं गणित मला पहिलीच्या पुस्तकातूनच आलं होतं.

३ डिसेंबर

दिवसभर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले. अंगठा सोलला.

ज्ञानेश्वरला काय वाटेल? एकोणसाठ वर्षांची आई. गावात लोक म्हणतील, सहादेवच्या तिथीला पुरणपोळी खाल्ली आणि नवरा बघायला बसली. स्नेहल म्हणाली, "तुम्ही चाचणी म्हणून उघडलं एवढं सांगा. खरंच आहे ते. मीही येते सांगायला."

खरं आहे. पण चालतंय की नाही ते पान उघडल्याबरोबर कळलं होतं. पुढचं मी का वाचलं? त्या चहावाल्या बाईचं दोनदा का वाचलं? मला लग्न नको आहे. तेवढं मला नक्की माहीत आहे. पण ते वाचताना मला बरं वाटलं होतं, तेही माहीत आहे.

हे असते तर त्यांना विचारलं असतं. हे असते तर मी ते उघडलंच नसतं.

४ डिसेंबर

सकाळी नऊला बजरंगच्या घरी गेले. स्नेहल बरोबर यायला निघाली, मी नको म्हटलं. ओट्यावर बजरंग, साळूबाई, गिरणीवाली दूध घ्यायला आलेली. मोनिका आत चुलीपाशी. मी मुद्दाम तिला ऐकू जाईल असं बोलले.

"भावजी, तो वाडीचा एक मी आहे."

बजरंगला वाटलं मी मोनिकासाठी खोटं बोलतेय. म्हणाला, "वहिनी, तुमी देवमानूस. पर असं स्वतःवर घेऊ नगा."

मी फोन काढला आणि त्याला दाखवलं. काय काय उघडलं याची यादी फोनमध्ये राहते, ते स्नेहलने मला कधीच शिकवलं होतं. वीस तारीख, दुपारचे तीन. त्याने वाचलं. त्याचं तोंड उतरलं.

"तपासायला उघडलं आसंल. सूनबाईचं काम म्हनून."

सुटायला दार उघडं होतं. मी म्हटलं, "सुरुवात तपासायला केली. मग वाचलं. शेवटपर्यंत वाचलं."

गिरणीवालीच्या किटलीची कडी वाजली.

"या वयात?" बजरंग म्हणाला.

"या वयात घर जास्त मोठं होतं, भावजी. तुमच्या घरात माणसं आहेत म्हणून तुम्हाला कळत नाही. नातीला ठेवून आईला पाठवलंत तर कळेल. पोर रोज दाराकडे बघेल, आणि तुम्हाला ते बघावं लागेल."

त्यावर साळूबाई खाटेवरून म्हणाल्या, "आगं पुष्पे, तू बघितलंस तर मला बी एक बघ. दात आसलेला."

गिरणीवालीला हसू आवरेना. बजरंग "आये!" म्हणून ओरडला.

"वरडतोस काय?" म्हातारी उठून बसली. "तुझा बाप गेला तवा तू चार वर्साचा. मला बी कुनी इचारलं न्हवतं. इचारलं आसतं तर मी न्हाईच म्हनले आसते. पर इचारायला काय झालं हुतं? मोनिका, च्या टाक सगळ्यास्नी. आन् बजरंगा, तिचा फोन दे. लई दीस झाले, चार्जर काय ईलायतेवरनं येतोय व्हय?"

बजरंग आत गेला. फोन घेऊन आला आणि चुलीपाशी ठेवला. मोनिकाच्या हातात दिला नाही, पण ठेवला.

चहा फार गोड झाला होता. मी दोन कप प्याले.

५ डिसेंबर

ज्ञानेश्वरला कारखान्यातच कळलं होतं. सकाळी पाळीवरून आला. अंघोळ केली, भाकरी खाल्ली, झोपला. दुपारी उठून माझ्याजवळ येऊन बसला आणि शेंगा फोडायला लागला. मूठभर फोडून झाल्यावर म्हणाला, "आई, मी घरी असलो तरी झोपलेलाच असतो, नाही का?"

मी म्हटलं, तुझी पाळीच तशी.

तो म्हणाला, हंगामभर दिवसपाळी मिळते का बघतो.

असा मुलगा, अशी सून. मी कोणत्या तोंडाने तक्रार करू?

८ डिसेंबर

मोनिकाचा भाऊ आला. बजरंगने त्याला जेवू घातलं, उसाची चर्चा केली आणि परत पाठवलं. कशाला बोलावलं होतं ते सांगितलंच नाही. मोनिकाची मशीन संध्याकाळपर्यंत चालू होती. मी तीनदा तिच्या दारावरून गेले, काही काम नसताना.

गिरणीत आता माझं नाव चालतं. गिरणीवालीने विचारलं, "मग पुष्पाताई, आला का कुनाचा फोन?" मी म्हटलं, आला की, दळण बारीक दे म्हणून.

१३ डिसेंबर

स्नेहलने झालेला प्रकार तिच्या लोकांपुढे मांडला. गाव नाही, नाव नाही, वय नाही. फक्त इतकंच, की एका लहान जागी आकडा एक आला, आणि लोकांनी तो भलत्याच बाईला चिकटवला. तिची चूक काय झाली तेही तिने सांगितलं. काल दुपारी ती आणि एक जर्मन बाई दोन तास त्यावर बोलत होत्या.

सगळं मान्य झालं असं नाही. जाहिरातवाल्यांतला एक जण अजून रुसलेलाच आहे. लहान दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही, असं स्नेहलही म्हणते. त्यासाठी आसपासची दहा-वीस गावं मिळून एक आकडा द्यावा, असा विचार निघालाय. पण यापुढे कुठल्याही चाचणीत लहान आकडा दाखवायचा नाही आणि वाढ-घट केल्याशिवाय काहीच बाहेर काढायचं नाही, एवढं लेखी ठरलं. मसुद्यात ते वाक्य आहे. स्नेहलने मला मराठीत वाचून दाखवलं. मी एक शब्द बदलायला सांगितला, तिने बदलला.

ती चूक कबूल करून माडीवरून खाली आली. मी तिला ताक दिलं. पस्तीस माणसांसमोर 'माझं चुकलं' म्हणणं सोपं नसतं. मी तर तिघांसमोरच म्हटलं होतं.

१८ डिसेंबर

दुसरा अहवाल आला. श्रीगोंद्याचा आकडा आहे. काष्टी आणि आजूबाजूच्या गावांचा मिळून एक आकडा आहे. आमच्या वाडीचं नाव वेगळं कुठेच नाही. बैठकीत वाचून दाखवलं. साळूबाई म्हणाल्या, "म्हंजी या येळंला कुनीच न्हाई का?" मी म्हटलं, असतील किंवा नसतील. मलाही ठाऊक नाही.

"मंग बरंय," त्या म्हणाल्या, आणि कीर्तन लावलं.

२१ डिसेंबर

आज दुपारी एकजण आली होती. इकडचं तिकडचं बोलली, पाणी प्याली, जायला उठली आणि पुन्हा बसली. मग म्हणाली, ते पान मला दाखवाल का. स्वतःच्या फोनवर नको वाटतं.

मी माझा फोन दिला. तिने वाचलं. एका ठिकाणी थांबून तिने विचारलं, मुलं असली तरी चालतं, हे खरंच असतं का? मी म्हटलं, तिथे संस्थेचा नंबर आहे, आपण विचारू. मीच फोन लावला आणि मीच विचारलं. पलीकडच्या बाईने आमचं नाव विचारलं नाही. खरं असतं, म्हणाली, आणि मेळाव्याला यायचं असेल तर सोबत एखादी मोठी बाई आणली तरी चालेल.

जानेवारीत जायचं ठरलंय. सोबत मी जाणार आहे. गावात विचारलं तर सांगेन, माझ्याच कामाला चाललेय. लोकांना ते आता सहज पटेल.

कोण आली होती ते मी या वहीत लिहिणार नाही.